खेळ हवेत पिशवीत मावणारे!

उन्हाळ्याची सुटी लागली की कुटुंबे प्रवासाला निघतात. कपडे, औषधे, फराळाचे डबे यांची यादी तयार होते. पण सहा-सात तास एका जागी बसून मुलांनी करायचे काय, हा प्रश्न बहुधा गाडी सुटल्यावरच आठवतो. पहिला तास खिडकीबाहेर पाहण्यात जातो. नंतर 'कधी पोहोचणार?' ही भुणभुण सुरू होते आणि अखेर मोबाइल मुलाच्या हाती दिला जातो.

प्रवासातील खेळ ही कल्पना नवी नव्हे. सारीपाटाचा पट कापडाचा असे, गुंडाळून नेता येई. सागरगोटे ओच्यात मावत. नवकंकरीला जमिनीवर आखलेल्या रेघा आणि मूठभर खडे पुरत. सावंतवाडीच्या गोल गंजिफांचा १२० पानांचा दशावतारी संच एका रंगीत पेटीत बसतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८९ मध्ये 'गेम बॉय' आणला आणि खेळ खिशात आला. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत त्याची जागा स्वस्त 'ब्रिक गेम'ने घेतली. आज या साऱ्यांची जागा मोबाइलने पटकावली आहे.

पडद्याची मर्यादा

मोबाइलवरील खेळ सर्वस्वी त्याज्य नाहीत. मात्र वयाचे भान हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, तर दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे.

प्रवासात आणखी एक अडचण येते. घाटातून गाडी वळणे घेत असते, तेव्हा कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला 'शरीर हलते आहे' असे कळवते. पडद्यावर खिळलेले डोळे मात्र सारे स्थिर असल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ व उलटी उद्भवते. दोन ते बारा या वयात हा त्रास अधिक जाणवतो. घाट लागला की पुस्तक, मोबाइल आणि पत्तेही बाजूला ठेवून मुलांना दूरवरचे डोंगर पाहायला लावावे. अशा वेळी तोंडी खेळ उपयोगी पडतात.

साहित्याविना खेळ

अंताक्षरी आणि गावांच्या भेंड्यांना काहीच लागत नाही. एकाने प्राणी मनात धरावा, इतरांनी केवळ 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येईल असे प्रश्न विचारून तो ओळखावा, या खेळाने तर्काला धार येते. कोकण रेल्वेचा मार्ग हाच एक खेळ ठरू शकतो. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. ते मोजण्याची पैज लावता येते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. तो पार व्हायला किती मिनिटे लागतील, याचा अंदाज घड्याळ लावून पडताळावा. मुलांचे गणितही त्यात सहज होते.

पिशवीत काय असावे?

एक वही व दोन पेन्सिली असल्या की फुली-गोळा आणि 'नाव-गाव-फळ-फूल' सुरू होते. पत्त्यांचा जोड, रुबिकचा घन आणि चुंबकाच्या सोंगट्यांची छोटी सापशिडी किंवा बुद्धिबळ एवढे पुष्कळ झाले. चुंबकामुळे धक्क्याने डाव मोडत नाही. सारे खेळ एकदम बाहेर काढू नयेत. तासा-दीड तासाने एकेक काढावा, म्हणजे नावीन्य टिकते. आवाज करणारी खेळणी सहप्रवाशांचा विचार करून घरीच ठेवावीत.

सुरक्षितता आधी

स्थानकावर वा जत्रेत घेतलेल्या खेळण्याकडे मात्र बारकाईने पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे, बारीक भाग देऊ नयेत. छोटी चुंबके आणि बटणासारखे चपटे सेल हा सर्वात मोठा धोका. सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले असावे. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तशी शंका जरी आली, तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, त्रास दिसण्याची वाट न पाहता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

एवढी काळजी घेतली की उरते ती एकच गोष्ट : सोबत खेळणारे कुणीतरी. पत्ते वाटायला आणि भेंडी चढवायला आई-बाबा, आजी-आजोबा बसले, की 'कधी पोहोचणार?' हा प्रश्न मुले आपोआप विसरतात. एरवी घड्याळाच्या काट्यावर धावणाऱ्या घरांना एवढा सलग मोकळा वेळ प्रवासाशिवाय मिळतो तरी कुठे?