वसंतातील पहिली फुलपाखरे (ब्रिटन)

हिवाळा संपत असताना वर्षात प्रथमच उडताना दिसणाऱ्या फुलपाखरांना ब्रिटनमध्ये वसंतातील पहिली फुलपाखरे म्हटले जाते. यांतील बहुतेक दर्शने मार्च आणि एप्रिल महिन्यांत होतात. उबदार वर्षी ती फेब्रुवारीतही होतात. अशा पहिल्या दर्शनाची तारीख लिहून ठेवण्याची परंपरा ब्रिटनमध्ये अठराव्या शतकापासून आढळते. निसर्गातील ऋतुबद्ध घटनांच्या वेळांचा अभ्यास करणाऱ्या ऋतुजैविकी या शास्त्रशाखेत या नोंदींना महत्त्व आहे. हवामान बदलाचा सजीवांवर होणारा परिणाम तपासण्यासाठी आज त्यांचा उपयोग केला जातो.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या सुमारे 59 जाती नियमितपणे आढळतात. थंडीच्या दिवसांत फुले व कोवळी पाने नसतात आणि हवेचे तापमान उडण्यास पुरेसे नसते. त्यामुळे प्रत्येक जातीला हिवाळा कोणत्या तरी एका अवस्थेत निष्क्रिय राहून काढावा लागतो. काही जाती अंड्याच्या, अनेक जाती अळीच्या, तर काही जाती कोशाच्या अवस्थेत हिवाळा काढतात. पूर्ण वाढलेल्या फुलपाखराच्या रूपात हिवाळा काढणाऱ्या जाती मोजक्याच आहेत.

वसंतात कोणते फुलपाखरू आधी दिसेल, हे या फरकावर अवलंबून असते. प्रौढ अवस्थेत सुप्त असलेल्या फुलपाखराला एक उबदार दुपार मिळाली तरी ते उडू शकते. कोशातील फुलपाखराला आधी कोशात घडणारी वाढ पूर्ण करावी लागते, म्हणून ते काही आठवड्यांनी दिसते. अंडे किंवा अळीच्या अवस्थेत हिवाळा काढणाऱ्या बहुतेक जाती उन्हाळा लागल्यावरच दृष्टीस पडतात.

उड्डाणासाठी लागणारी ऊब

फुलपाखराच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या तापमानाप्रमाणे कमी-जास्त होते. उडण्यासाठी छातीच्या स्नायूंचे तापमान सुमारे 30 अंश सेल्सियसच्या आसपास असावे लागते. मार्चमध्ये ब्रिटनमधील हवा याच्या निम्म्यानेही उबदार नसते. ही तफावत फुलपाखरे ऊन खाऊन भरून काढतात. पीकॉक व स्मॉल टॉर्टॉइजशेल ही फुलपाखरे जमिनीवर किंवा भिंतीवर पंख सपाट पसरून बसतात. ब्रिमस्टोन मात्र बसताना पंख मिटलेलेच ठेवते आणि मिटलेल्या पंखांची एक बाजू सूर्याकडे वळवते.

या कारणाने पहिली फुलपाखरे शोधण्यासाठी दिवसातील उबदार वेळ आणि योग्य जागा या दोन्हींची निवड करावी लागते. वाऱ्यापासून आडोसा असलेल्या दक्षिणाभिमुख भिंती, कुंपणाच्या झाडोऱ्याची उन्हाकडील बाजू, जंगलातील मोकळ्या वाटा आणि लवकर फुलणाऱ्या विलो वृक्षांचे तुरे अशा ठिकाणी ती आढळण्याची शक्यता अधिक असते.

प्रमुख जाती

ब्रिमस्टोन (गोनेप्टेरिक्स ऱ्हॅम्नी): वसंताचे प्रतीक मानले गेलेले फुलपाखरू. नराचे पंख गंधकासारखे पिवळेधमक, तर मादीचे फिकट हिरवट पांढरे असतात. त्यामुळे दुरून मादीला पांढरे फुलपाखरू समजण्याची चूक होते. पंख मिटल्यावर त्यांचा आकार व शिरा हुबेहूब पानासारख्या दिसतात. आयव्हीच्या वेलीत, होलीच्या झाडात किंवा काटेरी झुडपांत ते हिवाळा काढते आणि सदाहरित पानांत मिसळून जाते. नर मादीच्या आधी जागे होतात. मादी बकथॉर्न व ऑल्डर बकथॉर्न या झुडपांवर अंडी घालते. नवी पिढी जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पडते, शरद ऋतूपर्यंत मध प्राशन करते आणि पुन्हा सुप्त होते. त्यामुळे प्रौढ ब्रिमस्टोनचे आयुष्य दहा महिन्यांहून अधिक असू शकते. फुलपाखरांत हे आयुर्मान असाधारण आहे.

स्मॉल टॉर्टॉइजशेल (अग्लाइस अर्टिकी): नारिंगी पंखांवर काळे-पिवळे ठिपके आणि कडेला निळ्या ठिपक्यांची माळ असते. ते घराचे माळे, गोदामे व चर्च अशा इमारतींत हिवाळा काढते. अळ्या नेटल या स्पर्शाने आग होणाऱ्या वनस्पतीवर समूहाने वाढतात.

पीकॉक (अग्लाइस आयो): तांबड्या पंखांवरील चार डोळ्यांसारख्या खुणांमुळे हे सहज ओळखू येते. मिटलेल्या पंखांची खालची बाजू काळपट असल्याने झाडाच्या ढोलीत ते दिसत नाही. धोका जाणवताच ते एकदम पंख उघडते आणि पंख एकमेकांवर घासून फुत्कारासारखा आवाज काढते.

कॉमा (पॉलिगोनिया सी-अल्बम): पंखांच्या कडा फाटल्यासारख्या असतात व मागील पंखाच्या खालच्या बाजूस स्वल्पविरामासारखी पांढरी खूण असते. एकेकाळी ही जाती आक्रसत वेल्सच्या सीमेलगतच्या प्रदेशापुरती उरली होती. विसाव्या शतकात तिचा पुन्हा प्रसार झाला आणि ती स्कॉटलंडपर्यंत पोहोचली.

रेड ॲडमिरल (व्हॅनेसा अटलांटा): मूळचे स्थलांतरित फुलपाखरू. अलीकडच्या दशकांत दक्षिण इंग्लंडमध्ये ते हिवाळाही काढू लागले आहे. ते पूर्ण सुप्तावस्थेत जात नसल्याने जानेवारीतील उन्हातही दिसू शकते. म्हणून केवळ त्याच्या दर्शनावरून वसंत आला असे मानता येत नाही.

ऑरेंज टिप (अँथोकॅरिस कार्डामिनिस): कोशातून बाहेर येणाऱ्या जातींपैकी वसंताची सर्वांत खात्रीशीर खूण. नराच्या पुढील पंखांची टोके नारिंगी असतात. मादीच्या पंखांवर नारिंगी रंग नसतो. दोघांच्याही मागील पंखांच्या खालच्या बाजूस हिरवट शेवाळी नक्षी असते आणि तीवरून मादी ओळखता येते. साधारण एप्रिलपासून जूनपर्यंत वर्षातून बहुधा एकच पिढी उडते. अळ्या मोहरीच्या कुळातील रानटी वनस्पतींच्या कोवळ्या शेंगा खातात.

होली ब्ल्यू (सेलास्ट्रिना आर्जिओलस): वसंतात दिसणारे पहिले निळे फुलपाखरू. वसंतातील पिढी मुख्यतः होलीवर, तर उन्हाळ्यातील पिढी आयव्हीवर अंडी घालते.

स्पेकल्ड वूड (परार्जी ईजेरिया): तपकिरी पंखांवर फिकट पिवळे ठिपके असलेले, झाडांच्या विरळ सावलीत राहणारे फुलपाखरू. अळी आणि कोश या दोन्ही अवस्थांत हिवाळा काढू शकणारी ही ब्रिटनमधील एकमेव जाती आहे. परिणामी वसंतात ती एकदम न दिसता टप्प्याटप्प्याने दिसू लागते.

नोंदींचा इतिहास

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात राहणारे जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी 1736 पासून वसंताच्या खुणांच्या तारखा लिहिण्यास सुरुवात केली. झाडांना पालवी फुटणे, कोकिळाचे पहिले कूजन आणि पाकोळ्यांचे आगमन यांबरोबर पिवळ्या फुलपाखराचे पहिले दर्शन हीदेखील त्यांच्या यादीतील एक खूण होती. हे फुलपाखरू ब्रिमस्टोन असावे असे मानले जाते. 1789 मध्ये त्यांच्या नोंदी रॉयल सोसायटीसमोर मांडल्या गेल्या. त्यांच्या वंशजांनी हे काम पुढे 1958 पर्यंत चालू ठेवले. दोन शतकांहून अधिक काळ एकाच घराण्याने चालवलेल्या या नोंदी ऋतुजैविकीतील महत्त्वाचा वारसा समजल्या जातात.

जुन्या नोंदी वाचताना दिनदर्शिकेतील बदल लक्षात घ्यावा लागतो. ब्रिटनने 1752 मध्ये ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि त्या वर्षी 11 दिवस गाळले गेले. त्यापूर्वीच्या अठराव्या शतकातील तारखांची आजच्या तारखांशी तुलना करण्यासाठी त्यांत 11 दिवस मिळवावे लागतात. हा फरक न ओळखल्यास जुना वसंत प्रत्यक्षात होता त्याहून लवकर आल्याचा भास होतो.

विसाव्या शतकात गणनेला शिस्तबद्ध रूप आले. अर्नी पोलार्ड यांनी केंब्रिजशायरमधील मंक्स वूड येथे 1970च्या दशकात ठरावीक वाटेने चालत फुलपाखरे मोजण्याची पद्धत विकसित केली. गणक दर आठवड्याला त्याच वाटेने, ठरलेल्या हवामानात चालतो आणि आपल्या भोवतीच्या सुमारे पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यातील फुलपाखरेच मोजतो. या पद्धतीवर आधारलेली राष्ट्रीय योजना 1976 मध्ये सुरू झाली. तिचे गणनावर्ष 1 एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे 26 आठवड्यांचे असते. मार्चमधील पहिली दर्शने या कालावधीच्या बाहेर राहतात. त्यासाठी सामान्य निरीक्षकांनी कळवलेल्या सुट्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. अशा नोंदी 1968 मध्ये स्थापन झालेली बटरफ्लाय कन्झर्वेशन ही संस्था गोळा करते.

पहिल्या तारखेचा अर्थ

पहिल्या दर्शनाची तारीख समजण्यास सोपी असली तरी तिचा अर्थ लावताना काळजी घ्यावी लागते. पाहणाऱ्यांची संख्या वाढली की एखादे लवकर जागे झालेले फुलपाखरू कोणाच्या तरी नजरेस पडण्याची शक्यता वाढते. अशा वेळी निसर्गात काहीही बदल झालेला नसताना तारीख अलीकडे सरकते. याउलट एखादी जाती दुर्मीळ झाली तर ती उशिरा दिसते, आणि हा उशीर थंडीमुळे झाला असा गैरसमज होऊ शकतो. म्हणून संशोधक पहिल्या तारखेबरोबर उड्डाणकाळाची सरासरी तारीख आणि सर्वाधिक संख्येचा आठवडा हेही तपासतात.

एकाच निरीक्षकाने एकाच जागी अनेक वर्षे ठेवलेली साधी वही या दृष्टीने मोलाची ठरते, कारण तिच्यात पाहणारा आणि जागा दोन्ही स्थिर असतात. फुलपाखरू न दिसलेल्या दिवसांची नोंदही तितकीच उपयुक्त असते. तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, जाती आणि ते ज्या फुलावर होते त्याचे नाव इतका तपशील पुरेसा असतो. ओळखीबद्दल शंका असल्यास तसे स्पष्ट लिहिणे योग्य समजले जाते.

हवामान बदल आणि धोके

डेव्हिड रॉय व टिम स्पार्क्स यांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, तापमान सुमारे 1 अंश सेल्सियसने वाढल्यास ब्रिटनमधील बहुतेक जातींचे प्रथम दर्शन 2 ते 10 दिवसांनी अलीकडे येऊ शकते. ब्रिटनमध्ये वसंताच्या आगमनाचा जो निर्देशांक काढला जातो, त्यात हॉथॉर्न व हॉर्स चेस्टनट यांचा पहिला बहर आणि पाकोळीचे पहिले दर्शन यांबरोबर ऑरेंज टिपचे पहिले उड्डाणही धरले जाते.

लवकर दिसणे हे सुस्थितीचे लक्षण असतेच असे नाही. हिवाळ्यातील उबदार दिवशी जागे झालेले फुलपाखरू शरीरात साठवलेली चरबी खर्च करते. त्या वेळी फुले उमललेली नसतील, तर ही तूट भरून निघत नाही. पुढे थंडीची लाट आल्यास ते दगावू शकते. गरम केलेल्या घरांत सुप्त बसलेल्या स्मॉल टॉर्टॉइजशेल व पीकॉक या फुलपाखरांना हा धोका अधिक असतो. भर हिवाळ्यात घरात फुलपाखरू फडफडताना दिसल्यास त्याला बाहेर थंडीत न सोडता, पुठ्ठ्याच्या खोक्यात अलगद ठेवून थोडा वेळ थंडाव्यात शांत होऊ द्यावे. मग गरम न केलेल्या, अंधाऱ्या व कोरड्या जागेत हलवावे, असे सुचवले जाते. वसंतात त्याला बाहेर पडता येईल अशी वाट त्या जागेला असणे आवश्यक असते.

बटरफ्लाय कन्झर्वेशनच्या 2022 च्या अहवालानुसार 1970च्या दशकापासून ब्रिटनमधील 80 टक्के जातींची संख्या, प्रसारक्षेत्र किंवा दोन्ही घटले आहेत. एकेकाळी बागेत सर्रास दिसणाऱ्या स्मॉल टॉर्टॉइजशेलचाही त्यांत समावेश आहे. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत युरोप खंडातून आलेल्या स्टर्मिया बेला या परजीवी माशीचाही विचार केला जातो. 2024 मधील जनसहभागी फुलपाखरू गणनेत नीचांकी संख्या नोंदली गेल्यावर या संस्थेने फुलपाखरांच्या बाबतीत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

बागेतील आयव्हीची दाट वेल न तोडणे, उन्हाच्या जागी नेटलचा एखादा पट्टा राखणे, बकथॉर्नची झुडपे लावणे आणि लवकर फुलणारी झाडे जपणे हे उपाय वसंतातील जातींना थेट उपयोगी पडतात.

महाराष्ट्रातील ऋतुचक्राशी तुलना

महाराष्ट्रातील फुलपाखरांच्या जीवनक्रमात हिवाळ्याऐवजी कोरडा उन्हाळा हा खडतर काळ असतो. फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा व सावर फुलतात, मात्र अनेक झाडांची पाने गळालेली असल्याने अळ्यांना खाद्य कमी असते. या दिवसांत फुलपाखरे ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर क्षार शोषताना आढळतात. पावसाने नवी पालवी फुटल्यावर त्यांची संख्या वाढू लागते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ती विपुल दिसतात. ब्रिटनमधील वसंताच्या पहिल्या फुलपाखरांना समांतर अशी घटना महाराष्ट्रात मृगाच्या पावसानंतर शोधावी लागते. कॉमन इव्हिनिंग ब्राउनसारख्या जातींत तर पावसाळी व कोरड्या ऋतूतील पिढ्यांचे रंगरूपही वेगळे असते.

काही दुवे मात्र समान आहेत. ब्रिमस्टोनचे निकटचे भाऊबंद आणि स्मॉल टॉर्टॉइजशेलच्या प्रजातीतील इंडियन टॉर्टॉइजशेल ही फुलपाखरे हिमालयात आढळतात. आफ्रिकेकडून येऊन दरवर्षी ब्रिटनमध्ये पोहोचणारे पेंटेड लेडी हे फुलपाखरू महाराष्ट्रातही दिसते. महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्ल्यू मॉर्मन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असा निर्णय घेणारे ते भारतातील पहिले राज्य ठरले. लिंबू व कढीपत्ता यांसारख्या घराजवळच्या झाडांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढत असल्याने, पहिल्या पावसापासून तारखा टिपण्याचे काम शाळेच्या आवारातही करता येते.