परवानाधारक सर्व्हेअर : भाविकांसाठी उपयुक्त माहिती



सदलगा परिसरातील बहुसंख्य भाविक शेतकरी आहेत. वाटण्यांमुळे एकेका सर्वे क्रमांकाचे अनेक हिस्से झाले आहेत. २००५ व २०१९ सारख्या महापुरात दूधगंगाकाठी बांध मोडतात आणि हद्दीचे दगड गाळाखाली जातात. मग मोजणीवाचून गत्यंतर नसते. ३३० फूट लांबीच्या बांधावर रेघ सव्वातीन फूट सरकली, तरी जवळजवळ एक गुंठा जमीन इकडची तिकडे होते. भावाभावांत वैर यावयास तेवढे पुरेसे असते. म्हणून मोजणी करणारा कोण व त्याच्यावर कोणती बंधने आहेत, हे प्रत्येकाने जाणून घेणे इष्ट आहे.

आपल्या भागातील मोजणीची पद्धत मुंबई इलाख्यातील आहे. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम स्थिर झाले. ३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे १ गुंठा आणि ४० गुंठ्यांचा १ एकर, हे माप आजही चालते. टिपण, आकारबंद, हिस्सा, फोडी हे मराठी वाचकास परिचित असलेले शब्द कर्नाटकच्या कानडी दप्तरातही रूढ आहेत.

पूर्वी हे काम केवळ सरकारी मोजणीदार करीत. अर्जांचा भार वाढल्याने कर्नाटक भूमहसूल कायदा, १९६४ च्या कलम १८-अ अन्वये पात्र व्यक्तींना परवाना देण्याची तरतूद झाली. सर्वे क्रमांकाचा एखादा भाग विकावयाचा झाल्यास नोंदणीपूर्वी ‘अकरा-ई’ नकाशा लागतो. असे नकाशे परवानाधारक सर्व्हेअर तयार करतात. मात्र ते सरकारी नोकर नव्हेत. त्यांच्या कामाची तपासणी भूमापन खाते करते आणि खात्याच्या मान्यतेनंतरच नकाशास किंमत येते. कर्तव्यात कसूर झाल्यास परवाना रद्द होऊ शकतो.

आम्ही भाविकांना पुढील गोष्टी आवर्जून सुचवितो :

१. मोजणीचा अर्ज व शुल्क सरकारी केंद्रातच भरावे आणि पावती जपून ठेवावी. पावतीवाचून कोणासही पैसे देऊ नयेत.

२. आलेल्या सर्व्हेअरचा परवाना पाहण्यास मागावा. त्यात संकोच मानू नये.

३. लगतच्या खातेदारांना सूचना मिळाल्याची खात्री करावी. शेजाऱ्याच्या गैरहजेरीत झालेली मोजणी हीच पुढे तंट्याचे मूळ ठरते.

४. मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि टिपणाशी मापे ताडून पाहावीत. न वाचता सही वा अंगठा देऊ नये.

५. हरकत असल्यास ती त्याच वेळी लेखी नोंदवावी. तक्रार तालुक्याच्या भूमी अभिलेख सहाय्यक संचालकांकडे व त्यानंतर जिल्ह्याच्या उपसंचालकांकडे करता येते.

एक गोष्ट विसरू नये. सर्व्हेअर हद्द दाखवितो, मालकी ठरवीत नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयाचा विषय आहे. ‘जमीन तुमच्या नावे करून देतो’ असे सांगणारा आपल्या अधिकाराबाहेर बोलत आहे, हे ओळखावे.

देवस्थानांच्या जमिनींनाही शेजारी असतात. तेथेही हेच नियम पाळावेत, अशी विश्वस्त मंडळींस विनंती. देवाच्या नावावर शेजाऱ्याचा वीतभर बांधही येऊ नये आणि देवाची वीतभर जमीनही जाऊ नये.


— विश्वस्त मंडळ