मोगाओ लेणी

मोगाओ लेणी ही चीनच्या वायव्येकडील गान्सू प्रांतात, दुनह्वांग शहराच्या आग्नेयेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर असलेली बौद्ध लेणी आहेत. वाळवंटाच्या कडेला एका उभ्या कड्यात ती खोदलेली असून 'हजार बुद्धांच्या गुहा' या नावानेही ती ओळखली जातात. इसवी सनाच्या चौथ्या ते चौदाव्या शतकापर्यंत येथे खोदकाम व चित्रकाम होत राहिले. एकूण ७३५ गुहांपैकी ४९२ गुहांत भित्तिचित्रे व मूर्ती आहेत. चित्रांचे क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस मीटर भरते, तर रंगीत मूर्तींची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

उगम

चीनमधून पश्चिमेकडे जाणारा रेशीम मार्ग दुनह्वांगपाशी दुभंगून तकलामकान वाळवंटाच्या उत्तरेने व दक्षिणेने जात असे. पुढच्या खडतर वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी व्यापारी येथे नवस बोलत आणि सुखरूप परतल्यावर तो फेडत. येथील अनेक गुहा अशा दानातून निर्माण झाल्या. दात्यांची व त्यांच्या कुटुंबीयांची चित्रे भिंतींच्या खालच्या भागात रांगेने रंगवलेली आढळतात. परंपरेनुसार इ.स. ३६६ मध्ये लेझुन नावाच्या भिक्षूला या कड्यावर हजार बुद्धांसारखे सोनेरी तेज दिसले व त्याने पहिली गुहा खोदली. आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या गुहा मात्र पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानल्या जातात.

खडक, माती आणि रंग

अजिंठा पाहिलेल्या मराठी वाचकाला येथे एक मूलभूत फरक जाणवेल. अजिंठ्याचा खडक कठीण बेसाल्ट आहे. त्यातून स्तंभ, चैत्य व मूर्ती सलग कोरता आल्या. मोगाओचा कडा गोटे आणि वाळू एकत्र घट्ट झालेल्या ठिसूळ खडकाचा आहे. त्यात गुहा खोदता येते, पण मूर्ती कोरता येत नाही. म्हणून येथील मूर्ती लाकडाच्या सांगाड्यावर गवत व माती थापून घडवल्या आणि मग रंगवल्या. ९६व्या गुहेतील ३५.५ मीटर उंचीच्या मैत्रेयमूर्तीसारख्या प्रचंड मूर्तींचा गाभा तेवढा कड्याच्या खडकाचा ठेवून त्यावर मातीचे काम केले आहे. भिंतींवर मात्र दोन्हीकडची रीत सारखी: मातीचा गिलावा आणि तो वाळल्यावर केलेले रंगकाम.

आरंभीच्या गुहांतील अनेक आकृती काळ्या-तपकिरी देहाच्या दिसतात व त्यांवर नाक-डोळ्यांच्या पांढऱ्या रेषा उठून दिसतात. हा चित्रकाराचा हेतू नव्हे. शिसेयुक्त रंग काळाच्या ओघात काळवंडल्याने मूळची गुलाबी कांती नाहीशी झाली आहे.

विषयांतही भारताशी जवळीक आहे. कबुतरासाठी स्वतःचे मांस देणाऱ्या शिबी राजाची कथा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आहे, तशीच मोगाओच्या २५४व्या गुहेतही आहे. २५७व्या गुहेत रुरू जातकातील नऊ रंगांचा मृग आहे. बुडणाऱ्या माणसाला हा मृग वाचवतो आणि तोच माणूस लोभापायी राजाला त्याचा ठावठिकाणा सांगतो. चित्रपट्टीत ही कथा दोन्ही टोकांकडून सुरू होऊन मध्यभागी येते, जेथे मृग घोड्यावरील राजासमोर ताठ मानेने उभा आहे. सहाव्या शतकातील २८५व्या गुहेत तर बुद्धाच्या सान्निध्यात शिव, विष्णू व गणेश यांची चित्रे आहेत.

ग्रंथगुहा

१९०० साली वांग युआनलू या ताओपंथी साधूला एका गुहेच्या भिंतीआड बंद केलेली छोटी खोली सापडली. अकराव्या शतकाच्या आरंभी बंद झालेल्या या खोलीत (गुहा क्र. १७) सुमारे ५०,००० हस्तलिखिते व चित्रे रचून ठेवलेली होती. चिनीबरोबरच तिबेटी, संस्कृत, खोतानी, सोग्दी अशा भाषांतील लेखन त्यांत होते.

१९०७ मध्ये ऑरेल स्टाइन येथे आले. आपण ह्युएन त्सांगच्या पाऊलवाटेने भारतातून आलो आहोत, असे सांगून त्यांनी वांगचा विश्वास मिळवला. (पुलकेशी दुसरा व त्याच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा प्रवासी तो हाच.) अल्प रकमेच्या मोबदल्यात स्टाइन यांनी हस्तलिखितांच्या २४ पेट्या नेल्या. पुढच्याच वर्षी पॉल पेलियो आले. त्यांना चिनी उत्तम वाचता येत असल्याने त्यांनी निवडक ग्रंथ वेचून घेतले. त्यानंतर उरलेला बराचसा संग्रह बीजिंगला हलवण्यात आला. इ.स. ८६८ असा काळ नोंदवलेली 'वज्रच्छेदिका' सूत्राची छापील प्रत आज लंडनमध्ये आहे. निश्चित काळ नोंदवलेला तो सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ मानला जातो. स्टाइन यांच्या मोहिमेला भारत सरकारचेही अर्थसाहाय्य असल्यामुळे दुनह्वांगची काही रेशमी चित्रे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

चीनमध्ये वांगला बहुधा दोषी धरले जाते. हा दोष एकट्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. त्याने शोधाची वार्ता अधिकाऱ्यांना कळवली होती; १९०४ मध्ये खोली पुन्हा बंद करण्याचा आदेश देण्यापलीकडे त्यांनी फारसे काही केले नाही. मिळालेला पैसाही त्याने लेण्यांच्या डागडुजीवर खर्चला. ती डागडुजी ओबडधोबड होती, ही गोष्ट वेगळी.

जतन

१९२१ मध्ये या गुहांत रशियन सैनिकांना ठेवण्यात आले होते. त्यांच्या चुलींची काजळी काही भिंतींवर अजून दिसते. १९२४ मध्ये लँग्डन वॉर्नर यांनी चित्रांचे काही तुकडे काढून अमेरिकेत नेले. पॅरिसमध्ये शिकत असताना पेलियोंचे छायाचित्रसंग्रह पाहून भारावलेले चित्रकार छांग शूहोंग १९४४ साली स्थापन झालेल्या संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. वाळू उपसणे हेच त्यांचे सुरुवातीचे मुख्य काम होते. जपानचाही येथे वाटा आहे. यासुशी इनोऊए यांच्या १९५९ मधील 'दुनह्वांग' या कादंबरीने जपानी वाचकांना या स्थळाची ओढ लावली, तर चित्रकार इकुओ हिरायामा यांनी जतनासाठी मोठा निधी दिला.

आजचा धोका प्रवाशांच्या श्वासाचा आहे. गुहेतील आर्द्रता सुमारे ६२ टक्क्यांच्या वर गेली की खडकातील क्षार पाणी शोषून घेतात आणि गिलावा सुटू लागतो. त्यामुळे दैनंदिन प्रवेशसंख्येवर मर्यादा आहे व बहुसंख्य गुहा बंद असतात.

भेट

दुनह्वांगला रेल्वे व विमान दोन्ही जातात. प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते; उन्हाळ्यात ती लवकर भरते. २०१४ साली सुरू झालेल्या डिजिटल केंद्रात प्रथम दोन चित्रपट दाखवतात, मग बसने लेण्यांपाशी नेतात. मार्गदर्शक आपल्या गटाला साधारणतः आठ गुहा विजेरीच्या प्रकाशात दाखवतो. छायाचित्रणास आत बंदी आहे. कोणत्या गुहा दिसतील हे त्या दिवशीच ठरते. ४५ किंवा २२०सारख्या विशेष गुहांसाठी वेगळे शुल्क पडते.