दोन एक्के हाती आल्यावर

शक्यतेचे गणित शिकवताना आपण नाणे आणि फासा यांच्या पुढे सहसा जात नाही. पोकरच्या ‘टेक्सस होल्डेम’ प्रकारात प्रत्येकाला प्रथम दोन झाकलेली पाने मिळतात. मग पाच पाने सर्वांसाठी उघडतात. ५२ पानांतून दोन पाने १३२६ प्रकारे निघतात, त्यांत दोन एक्के फक्त ६ प्रकारे. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा.

ही सर्वांत बलवान सुरुवात. कोणतीही पाने असलेल्या एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. आठजण शेवटपर्यंत टिकले तर जेमतेम ३५ टक्के. म्हणून ‘आधीच रक्कम वाढवून गर्दी पांगवा’ असे सांगतात. आम्हाला हे कारण अपुरे वाटते. प्रत्येकाने १० चिंचोके लावले असे धरू. एकाविरुद्ध २० पैकी सरासरी १७ परत येतात, नफा ७. आठांविरुद्ध ९० पैकी सुमारे ३१, नफा २१! (वर्गात इथे वाद होईल, होऊ द्यावा.) तेव्हा रक्कम वाढवायची ती मुख्यतः दुबळ्या पानांवर थांबणाऱ्यांना जास्त मोजायला लावण्यासाठी.

अर्थात या हिशेबात पैसे एकदाच लागतात. खऱ्या खेळात पाने उघडतील तसे पुन्हा लागतात, आणि आठांपैकी कोणाच्या दोन जोड्या जमल्या ते दिसत नाही. तिथे एक्के टाकून देणे फार जड जाते.