बंदी शिकवताना हुकूमही वाचावा

‘बंदी घातलेले पुस्तक’ म्हटले की माध्यमिक शाळेतील विद्यार्थी प्रथम विचारतात, त्यात होते तरी काय? शिक्षकांनी त्यांना आणखी तीन प्रश्नांकडे न्यावे : मनाई कोणाची, कारण कोणते आणि दाद कोठे मागायची?

हैदराबाद संस्थानात हुसेनसागराच्या एका बाजूस निजामाचा अंमल, तर दुसऱ्या बाजूस सिकंदराबादेत ब्रिटिश छावणी. म्हणून ‘मनाई कोणाची’ हा प्रश्न येथे नकाशावरच दाखवता येतो. निजामी हद्दीत ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकान्वये सभेसाठी पूर्वपरवानगी लागे. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ गाण्यास मनाई झाली. ती न मानणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत त्याच गीताला राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान जाहीर झाला.

गोव्यालाही हा अनुभव नवा नाही. सालाझारच्या राजवटीत येथे लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे.

आजही ग्रंथ जप्त करण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ नुसार अधिसूचनेत कारणे नमूद करावी लागतात आणि कलम ९९ नुसार दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. अशी एखादी अधिसूचना वर्गात वाचावी आणि त्यातील कारणे पटतात का, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.