सरकत्या काचेच्या दाराची उघडणारी बाजू

दिवाणखाना आणि बाल्कनी यांच्यामधले सरकते काचेचे दार पूर्ण उघडले तरी निम्मेच उघडते. एक शटर दुसऱ्यामागे जाते आणि उरलेल्या निम्म्या भागातून ये-जा होते. ही मोकळी होणारी बाजू सोफा, पलंग किंवा एसीच्या जागेशी जुळली नाही, तर रोज वळसा घालावा लागतो. अशा वेळी बाजू बदलता येईल का, हे दाराच्या रचनेवर ठरते. काही दारांत हे काम तासाभराचे असते, काहींत शटर खोलून पुन्हा बांधावे लागते, तर काहींत पूर्ण दार नवे करणेच सोपे पडते.

पहिला प्रश्न असा, की दाराची दोन्ही शटर सरकतात की एकच? महाराष्ट्रातल्या फ्लॅटमध्ये बहुधा दोन ट्रॅकचे दार असते आणि दोन्ही शटर सरकतात. तिथे दार मुळातच दोन्ही बाजूंनी उघडते. अडचण असते ती कुलूप, हँडल किंवा जाळी एकाच बाजूला असण्याची. ती हलवली की काम भागते. अमेरिकेतल्या अंगणाकडे उघडणाऱ्या दारांची रीत वेगळी आहे. तिथे सहसा एक शटर चौकटीला स्क्रूने जखडलेले असते आणि दुसरेच सरकते. बाहेरून पाहताना कोणते शटर कुठे आहे, हे ‘एक्स’ (सरकणारे) आणि ‘ओ’ (स्थिर) या अक्षरांनी दाखवण्याची तिथे पद्धत आहे. ‘ओएक्स’चे ‘एक्सओ’ करायचे, म्हणजे दोन्ही शटरांची जागा बदलायची.

ही अदलाबदल वाटते तितकी सरळ नसते. त्याचे मुख्य कारण इंटरलॉक. दार बंद असताना दोन्ही शटरांच्या ज्या उभ्या पट्ट्या मध्यभागी एकमेकींसमोर येतात, त्यांना आकड्यासारखी कड असते. आतल्या शटरची कड बाहेरच्या दिशेला, बाहेरच्या शटरची आतल्या दिशेला. दोन्ही एकमेकींत अडकतात, त्यामुळे वारा, पाणी आणि आवाज थोपतो आणि शटर बाहेरून ढकलून वेगळी करता येत नाहीत. शटरची दुसरी उभी पट्टी चौकटीत जाऊन बसते. कुलूप तिच्यावर असते. खाली बेअरिंग असतात आणि वरची पट्टी चौकटीच्या खोल खाचेत शिरते. म्हणजे शटरची डावी-उजवी, वरची-खालची आणि आतली-बाहेरची बाजू ठरलेली असते.

आतले शटर उचलून बाहेरच्या ट्रॅकवर ठेवले, तर त्याची कड बाहेर तोंड करून राहते आणि तिच्यात अडकायला काहीच उरत नाही. शटरची आतली बाजू बाहेर केली, तर कड पुन्हा उलट्या तोंडाची होते. शिवाय काच धरणाऱ्या पट्ट्या बाहेर जातात आणि बाहेरून काढता येतात. शटर न खोलता उरतो एकच मार्ग : आतली बाजू आतच ठेवून शटर वरचे खाली करायचे. मग इंटरलॉकची पट्टी डावीकडून उजवीकडे जाते आणि कडेचे तोंड मात्र बदलत नाही. दोन्ही शटर अशी उलटली आणि आपापल्या ट्रॅकवर विरुद्ध बाजूला बसवली, की दाराची बाजू बदलते.

शटर उलटल्यावर वर गेलेली बेअरिंग काढून खाली बसवावी लागतात. वरची आणि खालची पट्टी एकाच सेक्शनची असेल तरच ते जमते. काचेखाली आधाराला ठेवलेले ठोकळे नव्या खालच्या बाजूला घ्यावे लागतात. पाणी वाहून जाण्याची भोके वर गेली असतील, तर ती बुजवून खाली नवी पाडावी लागतात. कुलपाची उंचीही बदलते : २१०० मिलिमीटर उंच शटरवर तळापासून १००० मिलिमीटरवर असलेले कुलूप ११०० मिलिमीटरवर जाते. ते काढून सुलटे बसवावे लागते आणि त्याची पकड समोरच्या चौकटीत नव्याने बसवावी लागते.

अॅल्युमिनियमच्या साध्या दारात पट्ट्या कोपऱ्यात स्क्रूने जोडलेल्या असतात. त्यामुळे शटर उलटणे शक्य नसले, तरी फॅब्रिकेटर ते खोलून हँडलची आणि इंटरलॉकची पट्टी आलटून-पालटून बांधू शकतो. यूपीव्हीसीच्या शटरचे कोपरे उष्णतेने वितळवून जोडलेले असतात. ते खोलता येत नाहीत. पण अनेक यूपीव्हीसी दारांत चारही बाजूंना एकच सेक्शन असतो आणि इंटरलॉक वरून बसवलेला असतो, म्हणून तो दुसऱ्या बाजूला नेता येतो. जुन्या कुलपाची खाच तेवढी झाकावी लागते. कुलूप थेट काचेवर असेल, तर मात्र काच नवी आणावी लागते, कारण टफन्ड काच तयार झाल्यावर तिला भोक पाडता येत नाही.

सगळी चौकटच फिरवण्याचा विचार पावसामुळे बाद होतो. खालच्या ट्रॅकची आतली कड उंच असते आणि उतार बाहेर असतो. वारा पाणी आत लोटतो, ते या उंचीने अडते आणि भोकांतून बाहेर जाते. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सुमारे २४० पास्कल, म्हणजे २४ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. आतली कड त्याहून ठेंगणी असेल, तर पाणी खोलीत येते. चौकट आत-बाहेर फिरवली, तर उतारही खोलीकडे होतो. वरची खाली केली, तर ट्रॅक छताला जातो. म्हणून चौकट न फिरवता शटरांची अदलाबदल करणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो. स्थिर शटर काढल्यावर मागे राहणारी स्क्रूची भोके सिलिकॉनने नीट बुजवावी लागतात. त्या बाजूच्या ट्रॅकवर बेअरिंग चालण्यासाठी सलग आणि गुळगुळीत धार आहे, हेही आधी पाहावे लागते.

जाळी सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर असेल, तर तिची जागाही बदलावी लागते. आतले शटर ज्या बाजूला बंद होते, त्याच बाजूला जाळी असावी. मग दार अर्धवट उघडले तरी जाळीची कड बाहेरच्या शटरच्या उभ्या पट्टीला टेकून राहते. जाळी उलट बाजूला ठेवून बाहेरचे शटर अर्धे उघडले, तर ती कड काचेसमोर येते. काच पट्टीपेक्षा खोल बसलेली असते. त्या फटीतून डास शिरतात.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी जाळी काढायची. मग वरच्या खाचेतली शटर उचलू न देणारी गुटकी काढायची, बेअरिंगचा स्क्रू फिरवून शटर खाली आणायचे, ते वर उचलून तळ मोकळा करायचा आणि तिरपे करून बाहेर काढायचे. सरकणारे शटर बहुधा आतल्या ट्रॅकवर असते, म्हणून ते आधी निघते. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. ३ फूट रुंद, ७ फूट उंच शटरमधली ५ मिलिमीटरची काच जवळपास २४ किलोची होते, दुहेरी असेल तर ४९ किलोची. त्यामुळे दोन माणसे आणि हातमोजे लागतातच. बसवताना बाहेरचे शटर आधी, आतले नंतर. मग बेअरिंगने पातळी साधायची, इंटरलॉक वरपासून खालपर्यंत सारखा अडकतो का ते पाहायचे, झिजलेली लोकरीची पट्टी बदलायची आणि गुटकी परत लावायची. ती राहिली तर शटर उचलून काढता येते आणि कुलूप निरुपयोगी ठरते. शेवटी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेरच जाते याची खात्री करायची.

वरची-खालची पट्टी वेगळी, कोपरे वितळवून जोडलेले, ट्रॅक झिजलेला आणि काचेला कुलपाची भोके, असे सगळे एकत्र आले, तर जुन्या दाराची बाजू बदलण्यापेक्षा त्याच मापाचे नवे, विरुद्ध बाजूचे दार घेणे बरे. मागणी नोंदवताना बाजू आतून पाहून सांगितली की बाहेरून, हे कागदावर लिहून घ्यावे. बाहेरून दिसणारा बदल होणार असेल, तर सोसायटीला आधी विचारलेले चांगले.