सरहद्दीचा पहारा आणि परवाना

सरहद्दीचे रक्षण हे मध्यवर्ती सरकारचे काम, असे आपण सहसा धरून चालतो. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या विधिमंडळापुढे २०२३ साली आलेल्या एका विधेयकाने या समजुतीलाच हात घातला. मेक्सिकोला लागून असलेल्या सुमारे २,००० किलोमीटर सरहद्दीवर राज्याने स्वतःचे रक्षक दल उभारावे व गव्हर्नराने त्याचा प्रमुख नेमावा, अशी ती योजना होती. गंभीर गुन्ह्याची शिक्षा न झालेल्या सामान्य नागरिकांनाही दलात घेता येणार होते; आणि शिक्षण देऊन, गव्हर्नराच्या खास अनुमतीने, त्यांना अटकेचा अधिकारही मिळणार होता.

खरी मेख येथेच आहे. टेक्सासात पोलीस अधिकाऱ्यास राज्याच्या आयोगाचा परवाना लागतो. त्यासाठी शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते; गैरवर्तन केल्यास तो रद्दही होतो. माणसास अटक करण्याच्या अधिकाराला घातलेला हा लगामच होय. एका व्यक्तीची अनुमती त्याची जागा कशी घेणार?

मे महिन्यात कार्यपद्धतीच्या हरकतीवर विधेयक बारगळले. सरहद्दीला पहारेकरी हवेतच. परंतु त्यांस जाब कोणी विचारावा, हे आधी ठरावे, असे आम्हांस वाटते.